नाही आलेल्यांची हिराबाई

मार्चचा पहिला रविवार. काम: जुन्या अँड्रॉइड फोनमधले नंबर मुलीने दिलेल्या आयफोनमध्ये नेणे. नंबर हलवण्याआधी जुन्या फोनने विचारलं, एकच नंबर बारा नावांवर आहे, एकत्र करू का? मला पसारा आवडत नाही. 'हो' म्हटलं. नंबर नव्या फोनवर आले, जुना पुसून टाकला. मग यादी उघडली. बारा नावांच्या जागी एकच उरलं होतं: हिराबाई. आणि हिराबाई मार्गशीर्षातच वारली होती.

तो नंबर डोंगरावरच्या एका वाडीतल्या दुकानाचा. वाडीत मोबाईल चार-पाच आहेत, पण रेंज मिळते ती दुकानाच्या पायरीवर. म्हणून हिराबाईचा आणि वाडीतल्या सगळ्या गरोदर बायांचा नंबर तोच. मी उपकेंद्राची नर्स, हिराबाई त्या वाडीची आशा सेविका. चौथी शिकलेली, काटक, चालायला लागली की मागचा दमला का हे न बघणारी. पहिल्या भेटीत मी लसीकरणाला बसले होते आणि ही बायांच्या रांगेकडे पाठ करून वाटेकडे बघत उभी. म्हटलं, "हिराबाई, इकडे मदत करा की."

"आलेल्यांचं तुमी बघा, सिस्टर. मी नाय आलेल्यांचं बघते."

तासाभराने दोघींना दंडाला धरून घेऊन आली. एकीच्या हातात अजून कोयता होता.

फोनमध्ये नावं कशी लिहायची तेही तिनेच शिकवलं. मी नुसतं 'कमळी' लिहिलं की म्हणायची, "कमळ्या चार हायेत वाडीत. कितवा महिना, कुटं हाय ती, ते ल्हिवा. नुसत्या नावाला काय चाटायचंय?" म्हणून माझ्या यादीत 'सोनी, पाचवा, माहेरी', 'बुधी, सातवा, भट्टीवर' अशी नावं होती. नोंदवहीत बाईचं गाव आणि तारखा असतात. बाई आत्ता कुठे आहे हे फोनमध्येच. हिराबाई गेल्यावर दुसरी आशा अजून नेमलेली नाही, तेव्हा मीच विचारून नोंदी बदलत होते.

एकदा खालापूरकडच्या वीटभट्टीवर तिच्या वाडीची एक बाई सातव्या महिन्यात होती. मुकादमाला फोन केला. बरी आहे म्हणाला. मी फोन ठेवला, हिराबाईने चपला घातल्या. "बरा हाय तो मुकादम. ती बरी हाय का, चला बघू." बाई विटांच्या चळतीआड पडलेली. पापणी खाली ओढून बघितली, आतून पांढरी, अंगात रक्तच नव्हतं. तिला दवाखान्यात पोचवून परतताना मी मान खाली घालून चालत होते.

"तोंड कशाला पाडता?" हिराबाई म्हणाली. "दोघींनी बी फोनवर इस्वास ठेवला असता, तर पाडायचं."

मार्गशीर्षातल्या आशांच्या मासिक बैठकीला ती आली नाही. मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पुढच्या विषयाला लागले. तिसऱ्या दिवशी कळलं, ताप होता, अंगावर काढला, गेली. इतकी वर्षं एकही बैठक न चुकवलेली बाई आली नाही आणि मला साधं 'का' विचारावंसं वाटलं नाही. हे मी कुणाला बोलले नाही.

त्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. भाजी चिरत होते. हात पुसून येईपर्यंत बंद झाला. पडद्यावर लिहिलेलं: हिराबाई, मिस्ड कॉल.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वाडीतून कोणीतरी बोलावत होतं. अकरा जणींपैकी कोण? उलट लावला, संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला, तेच. उपकेंद्र उघडून नोंदवही काढली. नवव्या महिन्यातल्या तिघी निघाल्या. एक माहेरी, एक भट्टीवर, एवढं आठवलं. तिसरी कमळी. ती वाडीतच होती की कुठे गेली होती? कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. ते मीच पुसलं होतं.

"रिचार्जबद्दल केला असेल कुणी," नवरा म्हणाला.

"असेलही," म्हटलं. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला सकाळी फोन जवळ ठेवायला सांगितलं. अंधारात डोंगराची वाट चढणं शक्य नव्हतं.

सोमवारी उजाडताच वर चढले. दुकानदार पायरी झाडत होता.

"काल मला कुणी केला होता रे फोन?"

"कमळीच्या सासूनं. वाजला नि बॅटरी मेली. लाईट नाय ना कालपासनं."

कमळी दारातच पाय पसरून बसली होती. घोट्याच्या वर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. "डोकं दुखतंय?"

"कालपासनं. उजेड बी सोसत नाय."

रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला, तेवढाच चढलेला. दुकानाच्या पायरीवर येऊन रुग्णवाहिका खाली फाट्यावर बोलावली आणि दुकानदाराला झोळी नि चार माणसं आणायला पिटाळलं.

"च्या टाकते, सिस्टर," सासू म्हणाली.

"नको. हिचे कपडे बांधा."

कमळी उठू लागली. "मी चालंन की. एवढं काय झालंय?"

"गप बस गं. आज तू चालायचं नाहीस."

तिला झोळीत घालून चौघांनी बांबू खांद्यावर घेतला. मी पुढे झाले आणि पायवाटेवर आलेल्या करवंदीच्या फांद्या बाजूला करत उतरू लागले.