भट्टीघराची खिडकी

भर दुपारी, बाहेर धुळ्याचं ऊन पत्र्यांवर तडतडत असताना, आमच्या मोटार-कारखान्याच्या भट्टीघरात मात्र करपट तेलाच्या वासानं जडावलेला दाट अंधार असे. आणि त्या अंधारात म्हातारे नाना लोहार तापत्या पोलादाकडे इतक्या निवांत एकाग्रतेनं पाहत बसत, की त्यांना हाक मारायला मन होत नसे.

युद्धामुळे विलायती सुटे भाग येणं बंद झालं होतं, आणि सोनगीरच्या रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या प्रवासी मोटारींच्या, धक्के झेलणाऱ्या कमानींचे पाटे नाना भंगार पोलादातून ऐरणीवर घडवत. पाटा ठोकून वाकवायचा, पुन्हा तापवायचा आणि नेमका रंग आला की तेलात बुडवायचा. रंग चुकला की पाटा ठिसूळ झालाच म्हणून समजा. पण माझ्या डोक्यात काटकसरीचं खूळ! दिव्याचं रॉकेल वाचेल, उजेडात हात भराभर चालतील, पाटा स्वस्त पडेल, म्हणून मी भिंत फोडून ऐसपैस खिडकी काढली. मालकाच्या शहाणपणापुढे कोण बोलतो?

त्यानंतर पाटे मोडू लागले. एक तर भरल्या मोटारीखाली मोडला. माणसं वाचली, एवढंच. मी सरळ म्हणालो, "नाना, तुमचे डोळे गेले आता. घरी बसा." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

जळगावहून नवा लोहार आणला. त्याचेही पाटे मोडले. मग आषाढ लागला, आभाळ दिवसच्या दिवस भरून राहिलं, आणि त्या अंधारलेल्या पंधरवड्यात घडवलेला एकही पाटा मोडला नाही, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: लख्ख उजेडात तापलेलं पोलाद असतं त्याहून निस्तेज दिसतं, आणि लोहार बिचारा ते जास्तच तापवत राहतो.

खिडकीवर गोणपाट ठोकलं आणि सोनगीरला नानांच्या दारात जाऊन उभा राहिलो. चूक माझी होती, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, असं तीनतीनदा सांगितलं. ते आले, पण पाच महिने घरादारानं आंधळा म्हटलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी कुठून आणणार होतो? चिमट्यात पाटा धरून ते थबकले. "मना डोया गयात, भाऊ. तुम्हीच सांगा, रंग उना का?"

मला रंगातलं काय कळतंय, कपाळ! मी पोलादाकडे पाहतच नाही. नानांच्या मनगटाकडे पाहतो. योग्य क्षणी ते आपसूक तेलाकडे वळू लागतं आणि मध्येच अडतं. तेव्हा मी म्हणतो, "आला."

पाटे आता मोडत नाहीत, वायाही जात नाहीत. हवी होती ती काटकसर साधली. कोणी कौतुक केलं की नाना सगळं श्रेय माझ्या पदरात टाकतात, "मनं काय शे? बठ्ठी भाऊनी नजर शे." खरं सांगून सांगून मी थकलो. ते ऐकून घेतात, हसतात, आणि दुसऱ्या दिवशी चिमटा उचलून पुन्हा माझ्याच तोंडाकडे पाहत उभे राहतात.