पहिल्या रांगेपर्यंत गेलेला आवाज

कामगार रंगभूमीवर मी वीस वर्षं तलवारी उपसल्या, राज्यं जिंकली आणि निम्मी वाक्यं विसरलो. ती मला सहदेवने दिली. आमचा हा प्रॉम्प्टर मूळचा मालवणकडचा. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, संपानंतर मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन झाला. विंगेतल्या स्टुलावरून दिलेला त्याचा आवाज नटाच्या कानापर्यंत पोचायचा, पहिल्या रांगेत कधीच नाही. याचा त्याला कोण अभिमान!

नाहूरच्या आमच्या चाळीत रिवाजच पडला होता. गणपतीत स्टेजवर जाणाऱ्याने, भाषण असो की नकला, आपला कागद आधी सहदेवच्या हाती द्यायचा.

अठ्ठ्याऐंशी साली मंडळाने वादविवाद ठेवला: श्रीलंकेतली आपली शांतिसेना तिथेच राहावी की परत बोलवावी? नाक्यावर, नळावर तेव्हा तेच चालू होतं. सहदेवचा एकुलता एक मुलगा अनंत त्या सेनेत होता. ‘इथे माडच माड, अगदी आपल्या गावासारखे,’ असं पत्रात लिहायचा. पेपरात मात्र मेलेल्या जवानांचे आकडे यायचे. अनंतची आई, जानकीवहिनी, पेपर घरात येऊ देत नसत, म्हणून सहदेव तो माझ्या दारात उभा राहून वाचायचा.

यंदा विंगेत मी बसतो, असं मी सुचवून पाहिलं. तर म्हणाला, “तुला स्वतःची वाक्यं आठवत नाहीत, दुसऱ्याची काय देणार?”

बँकेतला विद्याधर ‘राहावी’ बाजूचा. शेजाऱ्याचं घर जळताना आपण झोपायचं का, असं विचारून त्याने झकास टाळ्या घेतल्या आणि मध्येच अडला. विंगेतून वाक्य आलं, “रक्त सांडलं तरी मागे फिरायचं नाही.” विद्याधरने ते उचललं नाही. सहदेवने पुन्हा दिलं. या वेळी आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला, आणि तिथे जानकीवहिनी बसल्या होत्या.

“सहदेवकाका, हे मला नाही बोलवत,” विद्याधर म्हणाला. “तुम्हीच या.”

सहदेव आयुष्यात पहिल्यांदा उजेडात आला. हातातल्या कागदाकडे न बघता म्हणाला, “माझा अनंत तिथे आहे. दुसऱ्यांची भांडणं सोडवायला गेला, चांगलंच केलं. पण आता त्याला घरी आणा.”

एवढंच. विंगेत परतून त्याने विद्याधरला दटावलं, “आता बोल. तुझी बाजू आहे, अर्ध्यात सोडू नको.” विद्याधरने भाषण पुरं केलं. ते वाक्य मात्र गाळलं. प्रॉम्प्टर म्हणून सहदेवने त्याला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

अनंत आला तो नव्वदच्या मार्चअखेरीस. दारात ट्रंक ठेवून बापाच्या पाया पडला. सहदेवचे ओठ हलत होते, वाक्य येईना. मागून जानकीवहिनींनी हळूच दिलं, “जेवलंस काय, इचारा.”

“जेवलंस काय रे?” सहदेव म्हणाला. अख्ख्या चाळीला ऐकू गेलं.