लिंबोणीचा काटा

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. जामखेडजवळ आमची लिंबाची बाग होती. मी आकडीनं फांदी खाली ओढून धरायचो आणि बायको लिंबं तोडायची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तिला बोलल्याशिवाय काम सुचत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "आवो, जरा खाली धरा की, मी काय शिडी हाय का?" माझं डोकं सणकलं आणि मी फांदी सोडून दिली.

ती डोळा धरून खाली बसली. पाणी मारलं, जरा वेळानं उठली आणि पाटी भरायला लागली. "कचरा गेला," एवढंच म्हणाली. गावातल्या डॉक्टरांनाही तिनं तेच सांगितलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. थेंबांची बाटली मिळाली, चार दिवसांत लाली गेली आणि मी सुटलो. डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं गावभर सांगत फिरलो.

तिसऱ्या आठवड्यात डोळा पुन्हा लालबुंद झाला. ठणका कपाळापर्यंत जायला लागला. त्या डोळ्यानं तिला नुसतं धुकं दिसायचं. एस.टी.नं नगर गाठलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ पाहिलं. आत कापसासारखे बारीक पुंजके दिसताहेत, म्हणाले.

"काही लागलं होतं?"

"न्हाई, कचरा गेल्ता," बायको म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "शेतात काय आहे?"

"लिंबं," मी म्हणालो. तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तिला माझी लाज झाकायची होती. पण तिचा डोळा जायची वेळ आली होती आणि मला आता गप्प बसवेना.

"काटा लागला. फांदी माझ्या हातून सुटली," मी म्हणालो. मग अंगातलं सगळं बळ गोळा करून म्हणालो, "सुटली नाही साहेब. रागानं सोडली."

डॉक्टरांना माझ्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं. "कधी?" एवढंच त्यांनी विचारलं आणि भराभर लिहायला लागले. काट्याबरोबर डोळ्याच्या आत बुरशी गेली असणार, म्हणाले. बुरशी भाकरीला येते, लोणच्याला येते, एवढंच मला ठाऊक. जुन्या थेंबांनी लाली दबली होती, पण त्यांच्याच जोरावर बुरशी वाढली असावी, असंही डॉक्टर म्हणाले. ते थेंब त्यांनी तिथंच बंद केले. सुईनं डोळ्यातलं पाणी काढून तपासलं, तेव्हा खरंच बुरशीचे धागे निघाले. मग ऑपरेशन करून आतला गढूळ भाग काढला, औषधाचं इंजेक्शन थेट डोळ्यात दिलं आणि कित्येक आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

"डोळा वाचेल असं वाटतंय. नजर किती येईल ते आत्ता सांगत नाही," डॉक्टर म्हणाले.

सुरुवातीला तिला फक्त उजेड कळायचा. मग हात हललेला कळायला लागला. दर खेपेला मी खोलीच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचो आणि ती काय उत्तर देते तिकडे कान लावायचो. दीडेक महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा चांगला डोळा झाकला. "काय दिसतंय?"

"मानूस दिसतोय."

"काय करतोय?"

"मान खाली घालून बसलाय."

मी चटकन मान वर केली. "आता वर बगतोय," ती म्हणाली आणि हसली. मला मात्र रडू आवरेना. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढे चष्मा लागला. त्या डोळ्यानं तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी ती वाचते, खालच्या अजून पुसट आहेत. डॉक्टर म्हणाले, एवढी नजर आली हेच खूप झालं. वेळेवर काटा सांगितलात म्हणून आली.

पुढच्या बहराला आम्ही पुन्हा बागेत गेलो. ती लांब सरकून "सोडा" म्हणेपर्यंत फांदी सोडायची नाही, असं मी ठरवलं होतं. तिनं लिंबं तोडली, पदर झटकला, बाजूला झाली आणि बोललीच नाही. माझे हात भरून आले, आकडी थरथरायला लागली, तरी मी तसाच उभा. तिनं चांगला डोळा हातानं झाकला आणि दुसऱ्यानं माझ्याकडे निवांत पाहत राहिली.

"सोडा आता," ती म्हणाली. "लई घाम आलाय तुमाला. दिसतोय मला."