काकूंच्या पडद्यावरची हिरवी पट्टी

आमच्या शहरातल्या गारखेड्यात दोन खोल्यांचं एक ग्रंथालय आहे. तिथं पुस्तकं ऐकायला मिळतात. अंध विद्यार्थ्यांसाठी कुणीतरी क्रमिक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतं, ती एका सर्व्हरवर ठेवली जातात आणि बाहेरच्या खोलीत बसून विद्यार्थी ती हेडफोनवर ऐकतात. माझी पत्नी तिथं अनेक वर्षं वाचत होती. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर तिचा. रेकॉर्डिंगच्या जादा प्रती काढून ठेवण्याचं कामही तिचंच. मी जन्मभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकं मला कळत, यंत्रं तिला.

ती गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी तिथं गेलो, तेव्हा तिचा कॉम्प्युटर चालूच होता. बंद करायला कुणाचा हात धजावला नव्हता. माऊस हलवला तर पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत होती. टोकाला जवळजवळ पोचायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ती कशाची, हे मी विचारलं नाही. तिचं काहीतरी अजून चालू आहे, एवढं मला पुरत होतं. मग रोज सकाळी पुंडलिकनगरच्या घरून चालत जायचं, टेबल पुसायचं, तगरीचं एक फूल ठेवायचं आणि पट्टीकडं बघत बसायचं, हे अंगवळणी पडलं. "तेवढा बंद करू नका," असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिचा आवाज ऐकायला मात्र मन होत नव्हतं. पट्टी बघणं जमायचं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली, खोली भरू लागली आणि सर्व्हर अडकायला लागला. एक-दोघं ऐकत असले तर ठीक. चार-पाच जण बसले की आवाज तुटायचा आणि मग सगळ्यांचे हेडफोन एकदम गप्प. बंद करून पुन्हा लावला की घटकाभर बरा चालायचा. ग्रंथालय चालवणारे सर स्वतः अंध आहेत. त्यांनी वायर बदलून पाहिली, सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो डबा बदलून पाहिला. एम. ए. करणारी एक मुलगी म्हणाली, "सर, सर्व्हरलाच बसवा परीक्षेला. आमच्यापेक्षा तोच जास्त घाबरलाय." सगळे हसले. नंतर तिनं हळूच विचारलं, इतिहासाचा पेपर पुढच्या वेळी दिला तर चालेल का. ते पुस्तक तिला दुसरीकडं कुठं ऐकायला मिळणार नव्हतं.

शेवटी लासूर स्टेशनहून एक बाई आल्या. शहरातल्या चार-सहा कार्यालयांचे कॉम्प्युटर त्या बघतात. आल्या आल्या त्यांनी काही उघडलं नाही. सगळ्यांना उठवलं आणि एकेकाला बसवत गेल्या. एक, ठीक. दोन, ठीक. तिसरा बसला आणि आवाज तुटला.

"मशीन म्हातारं झालं असंल," सर म्हणाले.

"नाय सर. तिसऱ्यालाच दमायला काय झालं? कुणीतरी आधीच कामाला जुंपलंय त्याला." सर्व्हरच्या पडद्यावरची यादी त्यांनी दोनदा वाचली. मग माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्ही ग्रंथपाल होता ना? समजा तुमच्याकडं आठ शिपाई आहेत, आतून पुस्तक आणून देणारे. एकाच वाचकानं त्यातले सहा अडकवलेत. आणलेलं पुस्तक चाळतो, परत पाठवतो, पुन्हा पहिल्यापासून तीच पुस्तकं मागतो. बाकीच्यांना उरले दोन."

"असल्या वाचकाला मी दारातच थांबवलं असतं," मी म्हणालो.

"मग शिपाई वाढवा की," सर म्हणाले.

"कपाट एकच हाय, सर. नुसती दाटी व्हईल."

"पण हा वाचक कोण?" मी विचारलं.

त्या आतल्या खोलीकडं बघत म्हणाल्या, "काकूंचा कॉम्प्युटर."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तो कॉम्प्युटर सर्व्हरवरच्या सगळ्या पुस्तकांच्या प्रती एका डिस्कवर उतरवत होता. डिस्क भरली की ती बदलायची. पत्नी गेल्यावर ती कुणी बदललीच नव्हती. जागा संपायची, काम पुरं व्हायच्या आत तुटायचं आणि तो बिचारा पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सगळं तपासत यायचा. मी रोज फूल वाहत होतो ती हिरवी पट्टी म्हणजे हेच.

"म्हणजे मुलांचं पुस्तक मीच अडवून ठेवलं होतं," मी म्हणालो.

"काकूंनी लई चोख लावलं होतं सगळं," त्या म्हणाल्या. "एक डिस्क बदलायचंच माणसाच्या हातात होतं. थांबवायचं मी करू, का तुम्ही करता?"

मी केलं. पट्टी मध्याच्या थोडी पुढं थांबली आणि नाहीशी झाली. मी फूल उचलून खिडकीत ठेवलं. बाईंनी नवी डिस्क जोडली, प्रती काढायचं काम खोली बंद झाल्यावरच सुरू होईल असं लावलं आणि डिस्क कशी बदलायची ते मला दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. यात त्यांची परतीची गाडी चुकली. त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मला दोष देता आला असता, तोही दिला नाही. त्या दिवसाची आठवण आली की आधी हेच आठवतं.

दुसऱ्या दिवशी आठ जण एकदम बसले. मी दारात उभा होतो. खोली शांत, आणि सगळ्यांच्या कानात ती. थोड्या वेळानं एक मुलगा हसला. काही मिनिटांनी दुसरा. मग ती एम. ए.ची मुलगी.

"काय झालं?" मी तिला विचारलं.

"काका, इथं एक वाक्य पानभर लांब आहे. ते संपल्यावर काकू म्हणतात, 'लेखकाला कुणीतरी पाणी द्या रे.' त्यांनी ते काढून टाकलंच नाही. इथं आलं की आम्ही सगळेच हसतो."

मी तिच्या शेजारी बसलो आणि हेडफोन मागितला. तिनं तो काढून माझ्या हातात दिला.

"थांबा काका," ती म्हणाली, "थोडं आधीपासून लावते. नाहीतर गंमत कळायची नाही."