बारा फुटी मुलाचे कान

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्यामुळे मी तिथे नेमकं काय शिकतो हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. चेन्नईजवळ शोळिंगनल्लूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना लॅबमध्ये बसून, इंटरनेटवरचे धडे बघून, मी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या पद्धतीची माणसं काढायला शिकलो, एवढंच खात्रीने सांगता येईल. ताटलीएवढे डोळे, नावापुरतं नाक, टोकदार हनुवटी. कान मात्र मला कधीच जमले नाहीत. माउसने वळणं ओढता ओढता कानाची करंजी व्हायची. म्हणून माझ्या सगळ्या माणसांचे केस कानांवरून खाली येत. विचारलं कुणी, तर मी म्हणायचो, ही शैली आहे.

मी एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो. घरमालकांना मी 'सार' म्हणायचो आणि ते मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ. ते तमिळमध्ये बोलत, मी मोडक्या इंग्रजीत, उरलेलं दोघंही हातांनी. त्यांचा पुतण्या जवळच्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागणार होता आणि त्याला हीच खोली हवी होती. हॉस्टेल मला परवडणारं नव्हतं. खोली गेली असती तर वडील एवढंच म्हणाले असते, "ये मग परत."

"फंक्शन होऊ दे, मग बघू," सार म्हणाले.

फंक्शन म्हणजे त्यांच्या बहिणीच्या मुलाचे कान टोचणं. तिकडे मूल मामाच्या मांडीवर बसतं, आणि मामा किती मोठा हे गल्लीला दारातल्या फ्लेक्सवरून कळतं. पण भाच्याचा फोटो होता मोबाइलवरचा. फ्लेक्सवाल्या दुकानदाराने तो मोठा केला तर चेहऱ्याची नुसती फरशी झाली.

"तंबी, तू कॉम्प्युटर शिकतोस ना?"

मला नाही म्हणता येत नाही. वर मी उत्साहाने सांगितलं, "सार, मी व्हेक्टरमध्ये काढतो. त्यात ठिपके नसतात, रेषा असतात. कितीही ताणलं तरी चित्र फुटत नाही."

"कितीही?" सारांचे डोळे माझ्या चित्रातल्यासारखे झाले. "मग बारा फूट कर."

फंक्शनच्या सकाळी बांबूंवर फ्लेक्स चढला. व्हेक्टरबद्दल तेव्हा मला एक गोष्ट नव्याने कळली. फोटो मोठा केला की चुका निदान धूसर होतात. व्हेक्टरमध्ये चूक बारा फुटांची झाली तरी तिच्या कडा स्वच्छ राहतात.

खाली खरा भाचा उभा होता. नुकतंच जावळ काढलेलं, डोक्याला चंदन, आणि दोन्ही बाजूंना मोकळे, ठळक, सुंदर कान. वरच्या भाच्याला भरपूर केस आणि एकही कान नाही.

सारांच्या आई बराच वेळ वर बघत राहिल्या. "पोराची नजर चांगली आहे रे. पण टोचायचं कुठे? डोळ्यात?"

गल्ली हसली. सार हसले नाहीत.

"कान कुठे आहेत, तंबी?"

"सार, केसांच्या आत आहेत."

"मग काय केसांना डूल घालू?" त्यांनी खिशातून फोन काढला. "थांब, पुतण्यालाच विचारतो कधी येतोस."

मी फ्लेक्सच्या दुकानाकडे पळालो. तिथल्या कॉम्प्युटरवर घाईघाईत एक कान काढला, उलटा करून दुसरा केला, उरलेल्या तुकड्यावर छापून घेतला आणि बांबूवर चढून दोन्ही तारेने बांधले. करंज्याच होत्या, पण सुपाएवढ्या. वाऱ्यावर त्या फडफडायला लागल्या, जणू मुलगा आता उडणार.

सोनाराने पहिला कान टोचला तेव्हा भाचा हायवेपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. दुसरा त्याने दोन्ही हातांनी झाकून घेतला. खेळणं झालं, केळं झालं, मामाचा मोबाइल झाला, हात काही निघेना. तेवढ्यात वाऱ्याने वरचा एक कान सुटला आणि तरंगत येऊन सोनाराच्या डोक्यावर पडला. भाचा रडायचा थांबला.

सारांना काय सुचलं कोण जाणे. "तंबी, इकडे ये. तो कान लाव आणि बस खाली."

मी माझ्या कानाशी तो सुपाएवढा कान धरून पाटावर बसलो. सोनाराने गंभीरपणे सुई उचलली आणि फ्लेक्समधून आरपार घातली. ती माझ्या बोटाला लागली.

"अगं आई गं!" मी मराठीत ओरडलो.

भाचा इतका हसला की हात आपोआप खाली आले. सोनाराने दुसरा कान कधी टोचला ते त्याला कळलंसुद्धा नाही.

जेवणाच्या पंगतीत सार माझ्या पानावर पायसम वाढायला आले. मी धीर करून विचारलं, "सार, खोली?"

"राहा," ते म्हणाले. "पुतण्याला बघू दुसरीकडे." दोन पावलं जाऊन परत वळले. "पण माझं चित्र कधी काढायचं नाही."

"नाही सार," मी म्हणालो. लॅबमध्ये ते जवळजवळ झालं होतं. फक्त मिशी राहिली होती.