झिंजमधून केलेलं कन्यादान

सुभाषदादांची बातमी आली तेव्हा मी बँकेत होते. आमच्या इमारतीच्या वॉचमनचा फोन, "मॅडम, नीचेवाले अंकल को सलमानिया हॉस्पिटल ले गए, जल्दी आओ." मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हार्ट अटॅक. आज महिना होऊन गेला, तरी जिना उतरताना त्यांच्या दाराशी पाय घुटमळतोच... आणि मग मला राग येतो. कुणाचा, ते सांगते.

दादा चिपळूणचे. इथे आखातात, झिंजमध्ये आमच्याच खालच्या मजल्यावर राहायचे आणि एका ट्रेडिंग कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचे. मालकाने गोड बोलून त्यांना कागदोपत्री मॅनेजर केलं, हव्या तिथे सह्या घेतल्या आणि एक दिवस स्वतः पसार झाला. केस उभी राहिली दादांवर आणि देश सोडायला बंदी आली. वहिनी आणि मुलगी मुग्धा पुण्याला परतल्या, दादा अडकले. तारखेला जायचे, "इंशाल्ला, पुढच्या वेळी" ऐकून परत यायचे. मुग्धा तेव्हा कॉलेजात होती. पुढे तिचं लग्न ठरलं, तरी यांची तारीख पडतच होती. मी संतापून काहीबाही बोलायचे, तर हेच मला समजवायचे, "मेधा, चिडून दार उघडतं का कुठे?"

लग्नाला जाता येणार नाही हे नक्की झालं, तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. वहिनी तिकडे पाटावर बसतील, शेजारी मोठा पडदा लावायचा आणि दादांनी इथून कन्यादान करायचं. तिथे वहिनींनी पाणी सोडायचं, त्याच क्षणी इथे यांनी. गुरुजी आढेवेढे घेत होते, मुग्धाने सरळ सांगितलं, "नो बाबा, नो वेडिंग." विषय संपला!

लग्नाच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले. दादा सोवळं नेसून, गंध लावून, टेबलाखाली आडवे झालेले. समोर पाट, ताम्हन, पळी-पंचपात्र सगळं मांडलेलं आणि कॉम्प्युटरला नेट नाही. मागच्या ज्या भोकात नेटची वायर जाते तिथला बारका दिवाच लागत नव्हता. वायर बदलून झाली, राउटर तपासून झाला, सेटिंग उघडून झालं. कॉम्प्युटर म्हणे असला पोर्टच मला नाही.

"अहो, हा माझा फोन घ्या की!"

"चार बोटांच्या काचेत बसून मुलगी देऊ? तिथे हॉलमध्ये माणसं बघणार आहेत, मेधा. बाप पाटावर बसलेला दिसला पाहिजे."

मला एकदम रडूच आलं. तोंडाने मात्र म्हणाले, "हट्टी आहात नुसते."

ते उठून बसले. मग म्हणाले, "पोर्ट मेलेला नाही गं. अडकलाय. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीतून थोडी वीज त्याला मिळतच राहते. त्यामुळे तो धड झोपत नाही, धड जागा होत नाही. सगळी वीज काढून घेतली तर सुटेल."

"मग काढा ना!"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथल्या बटणावर चिकटपट्टी होती, वर 'बंद करू नये' असं त्यांच्या अक्षरात. लेकीशी तेवढ्या एका वायरीने जोडलेला माणूस. तुटायला नको म्हणून त्यांनी ते बटण कधी बंदच होऊ दिलं नव्हतं. मशीन जुनं. बंद केलं आणि परत चालूच झालं नाही तर?

"तूच काढ," ते म्हणाले. "माझा हात होत नाही."

मी चिकटपट्टी ओरबाडली, बटण बंद केलं, प्लग उपटला. त्यांनी सांगितलं तसं उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. दादा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मग पुन्हा प्लग लावला. पंखा घरघरला, आणि मागे हिरवा दिवा लागला! आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो.

पडद्यावर मुग्धा आली. "बाबा, कॅन यू सी मी?" दादांनी नुसती मान हलवली. गुरुजींनी खूण केली आणि त्यांनी पळीने ताम्हनात पाणी सोडलं. पाठ ताठ होती. नंतर हॉलमधली पंगत उठेपर्यंत ते पाटावरून हलले नाहीत. कुणीतरी तिकडचा लॅपटॉप मिटला, तेव्हा मला म्हणाले, "झालं. आता कधीही चालेल." मी रागावले त्यांच्यावर, शुभ दिवशी असं बोलतात का?

आणि आता रागाचं सांगते. इतकी वर्षं अर्ज करून देश सोडायच्या परवानगीचा जो कागद निघाला नव्हता, तो ते गेल्यावर लगेच निघाला. मेलेल्या माणसाला बंदी नसते म्हणे. एअरपोर्टवर कार्गोच्या खिडकीत एका मुलाने शिक्का मारला, "खलास," म्हणाला, आणि पेटी आत गेली. मी बाहेर गाडीपाशी येऊन उभी राहिले, तेवढ्यात मुग्धाचा फोन आला.

"मावशी," ती म्हणाली, "बाबांना कुणी अडवलं नाही ना?"

"नाही गं राणी," मी म्हटलं. "सोडलं."