हरलेली टीम हसली म्हणून

आमच्या शाळेचे बेसबॉलचे कोच तामोरे सर, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चिंचणीच्या किनाऱ्यावर. बोईसरच्या कॉलनीतून आलेली मी आठवीतली नवी मुलगी, बेसबॉल फक्त टीव्हीवर बघितलेला. सुट्टीच्या दिवशी सर ओहोटीच्या वाळूत स्लाइड मारायला, म्हणजे घसरत बेस गाठायला शिकवायचे. तांदळाच्या गोण्यांत वाळू भरली की झाले बेस. त्या दिवशी खेळण्याच्या नादात भरतीची वेळ कुणीच बघितली नाही. लाट आली आणि सेकंड बेस घेऊन गेली. मी ओरडले, "सर, बेस चालला!"

"बघ, गोणीला पन पळायची घाई हाय," सर म्हणाले. "तुलाच नाय!"

सरांच्या या गौरव अंकासाठी मला सांगितलं होतं, 'सरांच्या शिस्तीवर लिही, विनोदाचं फार नको.' सॉरी, पण मी विनोदाचंच लिहिणार. कारण त्याच विनोदासाठी आपल्या शाळेने सरांना नोटीस दिली होती, आणि आता तीच शाळा त्यांना साठ वर्षं झाली म्हणून गौरव करतेय. मला याचा राग येतो.

नववीत पालघरला आमची मॅच होती. शेवटचा कॅच माझ्याकडे आला, मी डोळे मिटले, बॉल ग्लोव्हमधून सुटला आणि आम्ही हरलो. मी बेंचमागे बसून रडत होते. परत कधीच खेळायचं नाही, हे ठरलंच होतं. सर आले. माझ्या ग्लोव्हचा वास घेतला आणि सगळ्या टीमला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी आई बाजारात मासे घेऊन बसते. तिच्या हातातनं पापलेट सुटला तर ती रडत नाय. गिऱ्हाइकाला सांगते, ताई, बगा किती ताजा हाय, अजून उडतोय! तशी तुजी काय चूक नाय गं. बॉलच ताजा होता!"

टीम हसली. मीही, नाक पुसत. तेवढ्यात शाळेच्या समितीतले एक सदस्य तिथून गेले. हरलेली टीम हसते म्हणजे काय? नोटीस देऊन सरांकडे लेखी खुलासा मागितला गेला. सरांनी एकच ओळ लिहिली: 'पुन्हा होणार नाही.' आणि पुढच्याच मॅचला पुन्हा हसवलं.

हे मला मागच्या महिन्यात शाळेच्या ऑफिसमधल्या मावशींकडून कळलं. मी सरांना विचारलं, "खरं कारण का नाही लिहिलं?"

"काय लिवनार? कोन रडत होतं ते लिवलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस?"

नसते आले. मग कॉलेजच्या टीममध्येही नसते, आणि आज शाळेच्या मुलींना शिकवायलाही नसते.

आता सर रिटायर झालेत. त्यांनी फक्त संध्याकाळी मैदानावर येऊ द्या म्हणून विचारलं. समितीचं उत्तर: 'त्यांच्या विनोदाने वातावरण हलकं होतं.' अहो, हलकं झालं म्हणून तर मी टिकले! एवढा जाड गौरव अंक काढता, आणि माणसाला गेटबाहेर ठेवता? मुली मला रोज विचारतात, "ताई, सर कधी येणार?" मी काय सांगू?

म्हणून नाव देऊन लिहिते. त्या दिवशी रडणारी मुलगी मीच, प्राची. खुलासा हवा होता ना? हा घ्या. आणि ती नोटीस रद्द करा.

सर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे ठणठणीत राहोत आणि तुमच्या तोंडाला कुणी कुलूप न लावो. सोमवारी साडेचारला प्रॅक्टिस आहे. तुम्ही या. गेटवर मी उभी आहे.